आखूड दोरा

माझ्या आत्याला अख्खी गल्ली 'तांबीवाली सिस्टर' म्हणायची आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटायचं नाही. वाईट वाटायचं ते मला. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, "तुझी आत्या भांडी विकते का गं?" मी हो म्हणून मोकळी व्हायचे. खरं सांगायची सोय नव्हती.

तांबी म्हणजे प्लास्टिकचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. त्याला तांब्याची तार गुंडाळलेली असते आणि खाली बारीक दोरा. ती बाईच्या पिशवीत बसवली की दिवस राहत नाहीत, नको असेल तेव्हा दोरा धरून ओढायची आणि काढून टाकायची. आत्याने अशा किती बसवल्या असतील याचा हिशेब देवालाही लागणार नाही. गल्लीतल्या निम्म्या बायका तिला रस्त्यात बघून हसायच्या आणि निम्म्या मान खाली घालायच्या. माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, म्हणायचे, "आमच्याकडे एकाच मुलीवर थांबलं ते काही विचार करून नाही हो. घरात ही असल्यावर दुसऱ्याची हिंमत कोणाची!" आई लाजून स्वयंपाकघरात पळायची आणि आत्या म्हणायची, "तुझी हिंमत मला माहीत आहे, गप्प जेव."

तिने लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "दिवसभर जे बघते ना, त्यानंतर हौस उरत नाही." लोक हसायचे. त्यातला विनोद किती आणि खरं किती, हे मला फार उशिरा कळलं.

ती नर्स झाली तेव्हा पोट पाडायला कायद्याने बंदी होती. बंदी होती म्हणून बायका थांबत नव्हत्या, एवढंच की त्या दवाखान्यात शेवटी यायच्या. आधी काड्या, मुळ्या, कसल्या कसल्या पुड्या, कोणा सुईणीचे उपद्व्याप आणि मग ताप डोक्यात गेला की चादरीत गुंडाळून आमच्या आत्याच्या वॉर्डात. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक चार लेकरांची आई तिच्यासमोर गेली. जाताना ती बाई आत्याला म्हणत होती की घरी सांगू नका, पडले म्हणून सांगा. आत्याने तसंच सांगितलं. ही गोष्ट ती वर्षानुवर्षं सांगायची आणि दरवेळी तिथेच थांबून भांडी घासायला उठायची.

पुढे कायदा बदलला. घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर एका डॉक्टरने दवाखाना काढला आणि आत्या सरकारी नोकरी सोडून तिथे गेली. डॉक्टर हुशार होता, हात हलका होता, त्याच्याकडे कधी कोणी दगावलं नाही. तरी मला तो माणूस आवडायचा नाही. बोलताना तो बायकांकडे न बघता त्यांच्या सोबत आलेल्या माणसाकडे बघायचा, आणि सोबत कोणी नसेल तर भिंतीकडे.

बायका लपूनछपून यायच्या. कोणी गोळ्यांचं पाकीट डाळीच्या डब्यात लपवलेलं सासूच्या हाती लागलं म्हणून, कोणी नवरा ऐकत नाही म्हणून. नवऱ्यांसाठी फुकट वाटलेले फुगे गल्लीतली पोरं फुगवून उडवत होती, त्यामुळे त्या बाजूने फारशी आशा नव्हतीच. मग या बायकांना आत्या तांबी बसवायची, आणि इथे तिची खासियत होती. ती दोरा अगदी आखूड कापायची. इतर ठिकाणी दोरा लांब ठेवायचे, मग तो नवऱ्याला टोचायचा, रात्री घरात महाभारत व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी बाई तांबी काढायला दारात हजर. आत्याच्या हातचा दोरा कोणालाच लागायचा नाही. नवऱ्याला नाही, तपासायला आलेल्या सुईणीला नाही. बायका एकमेकींच्या कानात सांगायच्या, घड्याळवाल्याच्या वर जा, तिथली सिस्टर कापते तो दोरा कोणाच्या बापाला कळत नाही. आत्याला याचा फार अभिमान होता. आणि का नसावा? पाच-पाच, सहा-सहा बाळंतपणं होऊन कंबर मोडलेल्या बायकांना त्या आखूड दोऱ्याने श्वास घ्यायला जागा दिली. एक म्हातारी तर आमच्या दारावरून जाताना अजून उंबऱ्याला हात लावून जाते. मी हे सगळं आधीच सांगते आहे, कारण पुढचं ऐकून कोणी माझ्या आत्याला राक्षसीण म्हणेल, आणि तो हक्क फार तर एका बाईचा आहे.

ती बाई गेल्या वर्षी एका दुपारी आमच्याकडे आली.

आत्या तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आईबाबा गेलेले, मी नवऱ्याशी पटलं नाही म्हणून परत आलेली, घरात आम्ही दोघीच. दार मी उघडलं. पन्नाशीकडे झुकलेली बारीक अंगाची बाई, एक पाय जरा ओढत चालणारी, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. मी तिला ओळखलं. बाजाराच्या मागे तिचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे, म्हणजे एक खोली आणि दोन शिलाई यंत्रं. जून महिन्यात तिच्या दारात आयांची ही गर्दी असते. लोक तिला गणवेशवाली म्हणतात. ती जिना उतरताना पडली होती, कंबरेला मार लागला म्हणून सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढला होता.

"सिस्टर, हाड काही मोडलं नाही," ती आत्यासमोर बसत म्हणाली. "पण तिथल्या पोरीने मला विचारलं, मावशी, तांबी कधी बसवली? मी म्हटलं, मी कधी बसवलीच नाही. तर ती हसायलाच लागली. म्हणे, मग ही काय आपोआप उगवली का?"

आत्याने एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. मी मागून पाहिलं. कंबरेच्या हाडांच्या मधोमध इंग्रजी 'टी'सारखा एक छोटासा, पांढरा, स्वच्छ आकार दिसत होता. मला हाडातलं काही कळत नाही, पण ते हाड नव्हतं हे कोणालाही कळलं असतं.

"कुठे गेली होतीस तू?" आत्याने विचारलं.

गणवेशवालीने माझ्याकडे बघितलं. मी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले आणि कान टवकारून उभी राहिले. घर एवढंसं आहे, ऐकू येतंच.

"मी एकदाच गेले होते, लग्नाच्या आधी. घड्याळवाल्याच्या वर. तिथे तुम्हीच होतात, सिस्टर. म्हणून तर तुमच्याकडे आले. दुसरीकडे कुठे हे विचारू?"

चहा उतू गेला तरी माझं लक्ष नव्हतं. मग आत्या म्हणाली, "डॉक्टरांनी बसवली असेल. मला काही माहीत नाही. ते आता नाहीत, नाहीतर विचारलं असतं."

"असेल," गणवेशवाली म्हणाली. "तुम्हाला कसं माहीत असणार. त्रास दिला तुम्हाला." आणि आत्याच्या पाया पडून, चहा न घेता ती गेली.

आत्या त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पोळीचा एक तुकडा ताटात इकडून तिकडे ढकलत बसली. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "आत्या, काय ते एकदाचं बोल, नाहीतर नीट जेव. दोन्ही न करता माझा जीव खाऊ नकोस."

मग ती बोलली.

त्या डॉक्टरचा नियम असा होता की पोट रिकामं करायचं असेल तर तांबी बसवून घ्यायची, नाहीतर दुसरा दरवाजा बघा. लग्न झालेल्या बायकांना तो हे तोंडावर सांगायचा आणि त्या बिचाऱ्या मान डोलवायच्या. पण लग्न न झालेल्या पोरींना सांगायचं नाही, असं त्याचं फर्मान होतं. म्हणे, सांगितलं की त्या रडतात, आरडाओरडा करतात, आम्ही काय पुन्हा तसलं करणार आहोत का म्हणतात. त्यापेक्षा गुंगीत आहेत तोवर बसवून टाका आणि आठ दिवसांनी तपासायला आल्या की सांगा. बसवायचं काम आत्याचं. आठवड्याने सांगायचं कामही आत्याचं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. लग्न न झालेली पोरगी परत कशाला येते? बरं वाटलं की ती त्या रस्त्याने सुद्धा जात नाही."

"हे तुला तेव्हा माहीत होतं?"

आत्याने मान हलवली. हो. "पहिल्यांदा नव्हतं माहीत. नंतर माहीत होतं. वाटायचं, लग्न ठरलं, मूल हवं झालं, की कोणीतरी तपासेल, दोरा दिसेल, काढतील. चूक होणार नाही." ती आपल्याच बोलण्यावर हसल्यासारखी झाली, ते हसू मला बघवेना. "दोरा दिसेल! माझा दोरा!"

ज्या हातखंड्यासाठी गल्ली तिला वाखाणायची, तोच तिने या पोरींवरही वापरला होता. सवयच ती. कात्री हातात आली की दोरा आखूडच कापला जायचा, समोर सहा लेकरांची आई असो की वीस वर्षांची पोर. एकीचं गुपित राखायला शोधलेली युक्ती दुसरीपासूनच लपून बसली.

"असं किती जणींना?" मी विचारलं.

"ते विचारू नकोस," आत्या म्हणाली.

मला राग आला, तो कोणावर हे आजही धड सांगता येत नाही. त्या भिंतीकडे बघणाऱ्या डॉक्टरवर तर होताच, पण तो मरून सुटला. आत्यावर होता. आणि खरं म्हणजे ती बाई समोर बसून विचारत असताना हिने 'मला माहीत नाही' म्हटलं, याचा राग सगळ्यात जास्त होता. मी बोलले, फार बोलले. वयाचा मान वगैरे काही ठेवला नाही. "त्या वेळी डॉक्टर होता म्हणून गप्प बसलीस," मी म्हटलं, "परवा कोण होतं?"

"सांगून काय होणार आहे आता?" ती म्हणाली. "तिचं वय गेलं. मूल काही होणार नाही. उगाच जखम उकरायची."

"ते तिला ठरवू दे ना. एवढं तरी तिला विचार."

यावर आत्या उठून आपल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली. आमच्या घरात ही कडी क्वचितच लागते.

यानंतर कितीतरी दिवस गेले. आत्या रोज सकाळी म्हणायची, आज जाऊ. दुपारी तिचे गुडघे दुखायचे. मध्यंतरी मला बाजारात कळलं की गणवेशवालीला दवाखान्यात ठेवलं होतं. दोरा सापडेना म्हणून तिला भूल देऊन ती तांबी काढावी लागली. तिथली डॉक्टरीण म्हणे वैतागून म्हणाली, एवढा आखूड दोरा कापायला कापणाऱ्याला कोणी सांगितलं होतं? हे मी घरी येऊन आत्याला जसंच्या तसं सांगितलं. मुद्दाम सांगितलं, नाकारत नाही. आत्याने पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "चल."

गणवेशवालीची राहण्याची खोली दुकानाच्या वर होती. लोखंडी जिना, एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला निळ्या आणि राखाडी कापडाचे गठ्ठे. खुंट्यांवर छोटे छोटे शर्ट टांगलेले, अजून बटणं न लावलेले. ती उठायला लागली तर आत्याने तिला खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली. मला वाटलं होतं आत्या डॉक्टरवर ढकलेल, निदान थोडं तरी. ढकललं नाही. "तांबी मी बसवली," ती म्हणाली. "तुला न विचारता बसवली. दोरा मीच कापला. त्या दिवशी तुझ्याशी खोटं बोलले."

गणवेशवाली रडली नाही. मांडीवरच्या शर्टाच्या कॉलरवर हात फिरवत राहिली.

"म्हणजे माझ्यात खोट नव्हती?" तिने विचारलं.

"नव्हती."

"मी पाप केलं म्हणून पिशवी जळली, असंही नव्हतं?"

"नाही गं. तसं काही नसतं."

मग ती बोलू लागली, हळू, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल सांगते आहे. लग्नाच्या आधीची गोष्ट तिने नवऱ्याला सांगितली नव्हती. नवरा बसवर चालक होता, चांगला माणूस, कधी आवाज चढवला नाही. मूल होईना तेव्हा सासूने सुईणीला दाखवलं, तिला काही सापडलं नाही. एकदा नवरा तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला, मशीनवर पोट बघायला. ती पायरीवरूनच मागे फिरली. तिला खात्री होती की त्या मशीनमध्ये जुनी गोष्ट दिसेल, तारखेसकट दिसेल. "आत गेले असते तर तेव्हाच कळलं असतं ना, सिस्टर?"

उत्तर आम्हा तिघींनाही माहीत होतं.

"मीच त्यांच्या मागे लागले, दुसरं लग्न करा म्हणून. ते नाही म्हणत होते. दोन वर्षं नाही म्हणत होते. मी जेवण सोडलं, बोलणं सोडलं. मला वाटायचं, दोष माझा, शिक्षा त्यांना का? शेवटी केलं त्यांनी. दोन मुलं आहेत, गोड आहेत. त्यांचे गणवेश मीच शिवले, पहिलीपासून." तिने खुंटीवरच्या शर्टांकडे पाहिलं. "ते माप द्यायला मुलांना घेऊन यायचे आणि दारात उभे राहायचे. आत यायचे नाहीत."

आत्या आता पलंगाच्या कडेवर बसली होती. तिने माफ कर म्हटलं नाही. मला वाटतं, तिला ते मागायची लाज वाटली.

"एक सांगू, सिस्टर?" गणवेशवाली म्हणाली. "तांबीचं मी सोसेन. माझं काय राहिलंय आता. पण त्या दिवशी मी टेबलावर थरथरत होते ना, तेव्हा तुम्ही माझा हात धरला होता. घट्ट. शुद्ध जाईपर्यंत सोडला नव्हता. घरी आईने तोंड बघायचं टाकलं होतं, आणि ज्याच्यामुळे ते सगळं झालं तो गाव सोडून गेला होता. मला वाटलं, एक तरी माणूस आहे. पुढे सासू घालूनपाडून बोलली, हे सोडून गेले, तेव्हा मी पडल्या पडल्या तो हात आठवायचे. झोप लागायची मला. आता तांबी बसवणारा हातही तोच निघाला. आता मी तो कसा आठवू?"

आम्ही उठलो. जिन्यात आत्या मधल्या पायरीवर कठडा धरून थांबली. मला वाटलं चक्कर आली.

"मी नाही धरला तिचा हात," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी कशी धरणार? माझे हात मोजे घालून खाली कामात असायचे. डोक्याशी आमची आया उभी असायची, ती धरायची सगळ्यांचे हात. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तीच आपली धरायची. तोंडाला फडकं बांधलेलं, त्या पोरीला काय कळणार कोण ते."

मी म्हटलं, "मग सांगितलं का नाहीस?"

"ती म्हणाली ना, तुम्ही धरला म्हणून," आत्या म्हणाली. "ऐकून बरं वाटलं गं मला. एवढ्या सगळ्यात सुद्धा बरं वाटलं."

मग ती वळली आणि कठड्याला धरून परत वर चढू लागली. मी मागे होते. गणवेशवाली तशीच बसलेली होती, तो शर्ट तसाच मांडीवर.

"तो हात माझा नव्हता," आत्या दारातूनच म्हणाली. "आमच्या आयाचा होता. तांबीतलं तिला काही माहीत नसायचं, ती फक्त डोक्याशी उभी असायची. तू तो खुशाल आठव."

गणवेशवालीने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, आणि आता मात्र तिचे डोळे भरून आले.

"त्या आहेत का अजून?"

"नाही. मागेच गेली."

"नाव काय होतं त्यांचं?"

आत्या दाराची चौकट धरून उभी राहिली. तिला ते सांगता येईना. सगळेजण त्या बाईला आयाच म्हणायचे, आणि इतकी वर्षं एका खोलीत काम करून आत्याने तिला तिचं नाव कधी विचारलंच नव्हतं.